भात वेगळा, सूप वेगळं

बुसान, ९ जून

ताई,

तू फोनवर माझा नंबर बंद करून ठेवलायस म्हणून हा कागद. नंबर बंद करता येतो, पोस्टमन बंद करता येत नाही. आणि मिरयांगचा तुमचा पोस्टमन रोज दुपारी तुझ्याच दुकानात जेवतो, तेव्हा पत्र मिळालंच नाही असं मला सांगू नकोस.

मी मजेत आहे. काल हमामातल्या काट्यावर ब्याऐंशी किलो दिसले. जानेवारीत एकशे बारा होते. गुडघे आता जिना चढताना शिव्या देत नाहीत. दिवसाला अंघोळीला आलेल्या नऊ-दहा बायकांची पाठ घासते, आणि संध्याकाळी चालत घरी जाते. सांगमिनची आई, म्हणजे आमची मालकीण, दारात तिकिटं फाडता फाडता येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, 'आमच्या पिल्नामच्या हाताखाली या. पूर्वी ती नुसती टेकली तरी मळ निघायचा, आता हात पण चालवते.' मी मनावर घेत नाही.

तुझ्या सत्तरीला जे झालं ते झालं. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला तेलकट बंद केलंय हे मी फेब्रुवारीतच तुझ्या कानावर घातलं होतं. तरी तू सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या तोंडात तो घास कोंबलास. मी काय मुद्दाम ओकले? आणि मांसाबद्दल माझ्या तोंडून जे गेलं ते गडबडीत गेलं. ओकताना माणूस तोलूनमापून बोलतं का?

तुझ्या जांभळ्या हानबोकच्या बाहीवरचा डाग निघाला का? नसेल निघाला तर झगा माझ्याकडे पाठव. डाग काढण्यात माझा हात धरणारं अख्ख्या बुसानमध्ये कोणी नाही.

किती दिवस रुसायचं हे ठरवलं असशील तर तुझ्या लेकीला सांग. हेरिम मला कळवेल.

पिल्नाम

बुसान, ३० जून

ताई,

हेरिमचा फोन आला होता. म्हणाली, तू पाकीट कात्रीनं नीट कापलंस, चुलीपाशी उभ्यानंच वाचलंस आणि मागच्या अंगणात सोयाच्या रांजणाखाली सारून दिलंस.

"काही बोलली का?" मी विचारलं.

"एकच शब्द बोलली, मावशी. 'पित्ताशय!' असं म्हणून हसली. पण चांगलं नाही हसली."

म्हणजे तुला वास आला. तुला लहानपणापासूनच येतो. मग आता लपवाछपवी कशाला? ऐक. उभी असशील तर बस.

माझं पित्ताशय जागच्या जागी आहे. पोट नाही. बारा जानेवारीला मी माझं पोट कापून घेतलं. चार भागांतले तीन भाग डॉक्टरांनी काढून टाकले. उरलंय ते एका केळ्याएवढं. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी फसवलं नाही. साखर तीनशेच्या खाली उतरेना, गुडघ्यांनी मान टाकली, रात्री झोपेत श्वास अडायचा. मी स्वतः सही केली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल मी रडतेय.

कोणाकोणाला ठाऊक आहे सांगू? अख्ख्या हमामाला. आमचा धंदा पडला उघड्या अंगाचा, पोटावरचे पाच वण कुठे लपवू? पहिल्याच दिवशी सांगमिनची आई ओरडली, "अगं पिल्नाम, तू शिजलीस का म्हणून कोणी तुला सळईनं टोचून बघितलं काय?" गरम पाण्याच्या हौदात बसलेल्या सगळ्या बायका खिदळल्या. भाजीवाली, दातांच्या डॉक्टरची बायको, शाळेतल्या गाण्याच्या बाई, सगळ्यांना माहीत. फक्त तुला नाही.

तुला का नाही? भ्याले, म्हणून.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची, तू सोळाची. शाळा सोडून तू सूप-भाताच्या, गुकबापच्या दुकानात भांडी विसळायला लागलीस. तिथलं उरलेलं हाडांचं सूप पत्र्याच्या डब्यात भरून, त्यात भात घालून, डोंगर उतरून घरी आणायचीस. गल्लीतल्या पोरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि मी लोण्याचा गोळा. मला काखोटीला मारून तू गावभर मिरवायचीस. "बघा हिचे गाल! हिला काही कमी आहे का?" लोक तुला विचारायचे, ही जाडी कोणाची गं? तू छाती पुढे काढून सांगायचीस, 'माझी.'

हे पोट तुझी कमाई होती, ताई. ती मी तुला न विचारता कापून टाकायला दिली. हे कोणत्या तोंडानं सांगणार होते मी?

आता सांगितलं. शिव्या द्यायच्या असतील तर फोन सुरू कर. कागदावर शिव्या गार होतात.

पिल्नाम

बुसान, २१ जुलै

ताई,

फोन काही सुरू झाला नाही. पण हेरिम म्हणते, परवा दुकानात कोणी नर्सबाई जेवायला आली होती, तिला तू विचारत होतीस, "पोट कापल्यावर माणूस खातो तरी काय हो?" नर्सबाईला काय विचारतेस? मी मेलेय का?

घे तर. पहिले दोन आठवडे नुसतं पाणी, तेही घोट घोट. मग पेज. मग चाळणीतून गाळलेलं काहीबाही. नंतर एकेक गोष्ट तोंडाला लावून बघायची आणि देवाचं नाव घ्यायचं. दूध चालत नाही. एवढी वर्षं अंघोळीनंतर केळ्याचं गार दूध पिणारी मी, आता एका घोटानं पोटात ढोल वाजतो. तांदळाचा चिकट केक म्हणजे साक्षात मरण, घशाखाली उतरून मध्येच मुक्काम ठोकतो. तिळाच्या तेलाचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, पण ते चांगलं पाणी नव्हे, त्याच्यामागून काय येतं ते तुला ठाऊक आहे. म्हणून सगळं गार करून खाते, गार अन्नाला वास कमी. हे मला कोणी शिकवलं नाही, माझं मी शोधलं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं, म्हणाल्या बाकीच्यांनाही सांगते.

चमचा लहान मुलाचा. एक घास तीस वेळा चावायचा. दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवायचा. आणि थांबायचं कधी? पोट भरल्याचं मला कळत नाही, नाकाला कळतं. नाक गळायला लागलं की बस्स. त्यानंतर एक घास जरी घेतला तरी तो परत येतो, सोबत आधीच्यांनाही घेऊन येतो.

मे महिन्यात एक गंमत झाली. गाण्याच्या बाईंनी तांदळाचं गोड गार सरबत आणलं होतं. उकाड्यात घसा कोरडा पडलेला, मी पेलाभर गटागटा प्यायले. पाच मिनिटांत दरदरून घाम, छातीत घोडदौड, डोळ्यांपुढे काजवे. मी माझ्याच घासायच्या पलंगावर आडवी झाले आणि जिची पाठ अर्धी घासून झाली होती ती भाजीवाली मला वारा घालत बसली. सांगमिनची आई म्हणाली, "गिऱ्हाइकानं घासणारीला वारा घालायचा, नवीन पद्धत निघाली वाटतं!" आता गोड दिसलं की मी दुसरीकडे बघते. चुकतमाकत शिकतेय. दर आठवड्याला एक तरी नवी गोष्ट पोटात राहते. गेल्या आठवड्यात वाफवलेलं अंडं राहिलं. मी त्या दिवशी गाणं म्हटलं.

आता ते दुसरं. तुझ्या सत्तरीचं.

तू भाजीच्या हिरव्या पानात मांस, लसूण, खारवलेली कोळंबी घालून तुझ्या मुठीएवढा घास वळलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "आ कर, म्हशी." असा घास अर्धा तोडायचा नसतो, एका दमात घ्यायचा असतो, आणि मोठ्या बहिणीच्या हातचा असेल तर नाही म्हणायचं नसतं. मला ठाऊक होतं काय होणार. तेव्हा मला ऑपरेशन होऊन तीनच महिने झाले होते, मी चमच्यानं पेज खात होते. तरी आ केलं. तुझा हात मला परतवायचा नव्हता. त्यात माझी चूक असेल तर असो, पुन्हा वेळ आली तर पुन्हा आ करेन.

पण नंतरचं मी केलं ते पाप होतं. तुझ्या बाहीवर ओकले, हेरिमची होणारी सासू नाकाला रुमाल लावून बघायला लागली, आणि तू विचारलंस, "काय झालं गं?" खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. मी म्हणाले, "मांस उतरलंय."

चाळीस वर्षं पहाटे उठून डुकराची हाडं उकळणाऱ्या बाईला, तिच्या सत्तरीला, तिच्या गिऱ्हाइकांसमोर आणि व्याह्यांसमोर मी म्हणाले की मांस उतरलंय. गडबडीत नाही म्हणाले. पहिल्या पत्रात तसं लिहिलं ते खोटं. माझं बिंग फुटू नये म्हणून मी तुझी अब्रू पुढे केली.

मांस ताजं होतं, ताई. लोण्यासारखं होतं. हेरिमच्या सासूला मी कालच पत्र टाकलंय, त्यात ऑपरेशनपासून सगळं लिहिलंय. तुला न विचारता टाकलं, कारण तू टाकू दिलं नसतंस.

मला क्षमा कर असं लिहिणार होते. पण ते तुझं काम, तू बघ. माझं एवढंच मागणं आहे की मला पुन्हा तुझ्या दुकानात बसून तुझ्या हातचं जेवायचंय. दुसरं काही नकोय.

पिल्नाम

बुसान, २६ ऑगस्ट

ताई,

शनिवारी मी आले होते हे तू नाकारू शकत नाहीस, चाळीस माणसांनी पाहिलं.

गिऱ्हाइकांबरोबर रांगेत उभी राहिले. आत आले तेव्हा तू मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलंस. तीस-पस्तीस किलोंनी उतरलेली बहीण तू पहिल्यांदाच नीट बघत होतीस. सत्तरीच्या दिवशी मी ढगळ झग्याखाली तीन स्वेटर घातले होते, हेही आता सांगून टाकते. मला कोपऱ्यातलं टेबल दाखवलंस, आणि सगळ्यांना देतेस तसंच उकळतं काळं वाडगं समोर आणून आदळलंस. भात सुपात बुडालेला, वर कांद्याची पात. पाठ फिरवून निघून गेलीस.

मी लढले, ताई. दीड तास लढले. गार होऊ दिलं, मग सूप बाजूला लोटून तळाचा भात शितं शितं वेचून खाल्ला. सात चमचे गेले. आठव्याला नाक गळलं, मी थांबले. ओकले नाही! तुझ्या दुकानात बसून ओकले नाही, एवढं तरी लक्षात ठेव. मग तू आलीस, जवळजवळ भरलेलं वाडगं उचललंस आणि म्हणालीस, "लोकांना जागा पाहिजे." चार महिन्यांत माझ्याशी बोललेले तीन शब्द. मी घरी येईपर्यंत ते चघळत होते.

आता मी सांगते काय चुकलं. मला भात आणि सूप एकत्र चालत नाही. केळ्याएवढं पोट, त्यात सूप गेलं की ते भाताला ढकलून पुढे काढतं, मग घाम, घोडदौड, पलंगावर आडवी. खाणं वेगळं, पिणं वेगळं, मध्ये निदान अर्धा तास. डॉक्टरांचा एवढा एकच नियम मी आजवर मोडलेला नाही.

मला ठाऊक आहे मी कोणाला काय सांगतेय. तुझ्या दुकानात कोणी 'भात वेगळा द्या' म्हणालं की तू त्याला दार दाखवतेस. रस्त्यापलीकडचे सगळे दुकानदार वेगळा द्यायला लागले, तू नाही. "भात सुपात पडला नाही तर त्याला गुकबाप म्हणायचं कशाला? हॉटेलात जा." शहरातून आलेल्या त्या टीव्हीवाल्यांनाही तू हेच सुनावलंस. तू मला वाढवलंस तेही असंच, एका डब्यात, सगळं एकत्र.

तरी मागतेय. भात वेगळा, सूप वेगळं. तुझ्या नियमापुढे मी मोठी की नाही ते मला बघायचंच आहे.

नाही म्हणालीस तरी येत राहीन. सात चमचे तर सात चमचे.

पिल्नाम

मिरयांग, ५ ऑक्टोबर

पिल्नाम,

मंगळवारी दुकान बंद असतं. पंधरा तारखेला ये. दुपारी बाराला. वाटेत काही खाऊन येऊ नकोस.

हेरिमच्या सासूबाई येऊन गेल्या. दोन वाडगी खाल्ली.

मांस ताजं होतं.

सुनदोक

बुसान, १६ ऑक्टोबर

ताई,

काल जे घडलं ते तुझ्यासमोरच घडलं, मग आज पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण तिथे माझ्या तोंडून शब्द फुटेना. मला! बडबडीला!

भाताची वाटी बघूनच मी खलास झाले होते. एवढीशी वाटी, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला काढतात तेवढी. भात मऊ, पण पेज नाही, शीत न् शीत सुटं. हेरिमनं बसस्टॉपवर सांगितलं होतं, गेले तीन मंगळवार तू बंद दुकानात हाच भात करून बघतेयस आणि जमला नाही की कोंबड्यांना घालतेयस. बाजूला मांसाचे चार तुकडे, नखाएवढे चिरलेले, गार केलेले. तिळाच्या तेलाचा थेंब नाही. किमची पाण्यातून काढून, पिळून. माझी पत्रं तू रांजणाखाली सारली होतीस ना? मग हे सगळं कोणी वाचलं?

मी खायला लागले. तू समोर उभी, हात एप्रनला पुसत, माझ्या जबड्याकडे बघत. मोजत होतीस. मला ऐकू येत होतं, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. आयुष्यात इतकं कोणी माझं खाणं ऐकलं नव्हतं.

वाटी संपली. नाक कोरडं. सगळं पोटात राहिलं. तू विचारलंस, "आता सूप?"

"आता नाही. अर्धा तास."

"मग अर्धा तास मी काय करू?"

"बस की."

तू इकडे तिकडे बघितलंस. दुकान बंद, ओटा पुसलेला, चिरायला काही नाही, गिऱ्हाईक नाही. शेवटी बसलीस. मी म्हणाले, "तू जेवलीस का?" तू उठून आणखी एक वाटी भात आणलास, त्यावर पळीभर सूप ओतलंस आणि जेवायला लागलीस. आणि मी बघत राहिले, कारण माझ्या लक्षात आलं की मी अठ्ठावन्न वर्षांची झाले आणि तुला बसून जेवताना मी कधी बघितलंच नाही. तू नेहमी उभी असतेस. वाढत असतेस. माझं तोंड नेहमी भरलेलं असायचं, तुझ्याकडे बघायला सवड कोणाला होती?

पाच चमचे घेतलेस. मी मोजले, तू माझे मोजलेस तसे. मग वाटी बाजूला सारून वर ताटली झाकलीस.

"झालं?"

"झालं."

"बरं वाटत नाही का? दवाखान्यात दाखवलंस का? ताई, खरं सांग हं, तुझं पित्ताशय वगैरे काही..."

तू मोठ्यांदा हसलीस. सहा महिन्यांत पहिल्यांदा. "काही झालं नाही गं मला. माझं एवढंच असतं. जास्त गेलं की मळमळतं."

"कधीपासून?"

तू जरा विचार केलास. रागानं नाही, उपकार दाखवायला नाही, कोणी जुना पत्ता विचारावा आणि आठवून सांगावा तसं म्हणालीस, "तू जेवायला लागलीस तेव्हापासून. डबा एकच असायचा ना."

आणि उठून माझं सूप गरम करायला गेलीस. अर्धा तास झाला होता.

मी बसमध्ये रडले. मिरयांगपासून बुसानपर्यंत रडले, शेजारच्या आजोबांनी मला स्वतःचा रुमाल दिला. मला वाटत होतं तू सोळाव्या वर्षी दोघींपुरतं आणायचीस आणि मी जास्त खायचे म्हणून जाड झाले. मला वाटत होतं मी तुझी कमाई कापली. ताई, माझं पोट लहान करायला तीन डॉक्टर लागले, भूल लागली, सहा महिने उलट्या झाल्या, आणि मी हमामभर शौर्य सांगत फिरतेय. तुझं त्याच मापाचं पोट पन्नास वर्षांपूर्वीच झालं होतं, आणि तू कोणाला सांगितलं नाहीस. मग खोटारडी मी एकटी कशी?

आता रडून झालंय. आता मी सांगते आणि तू ऐकायचंस. चोपन्न वर्षं तू सांगितलंस, मी ऐकलं.

पुढच्या मंगळवारी मी येतेय. त्याच्या पुढच्याही. सांगमिनच्या आईला सांगून ठेवलंय, मंगळवारी माझी सुट्टी. मऊ भात लावायचा, गार मांस, बिनतेलाचं. ते आता तुलाही पचेल, मळमळणार नाही, मी सांगते ना, मला या विषयातलं कळतं. आपण समोरासमोर बसायचं. तू उभी राहिलीस तर मीही उभी राहीन आणि दोघी उभ्यानं जेवू, लोकांना काय हसायचं ते हसू दे.

तीस वेळा चावायचं. घाई नाही. तुझ्या वाटीतला एक चमचा जरी माझ्या वाटीत आला तर मी तो परत तुझ्या वाटीत टाकीन.

आणि घास मी वळणार आहे. पानाचा, अगदी छोटा, तुझ्या-माझ्या मापाचा. तेव्हा आ करायचं. मोठ्या बहिणीनंही नाही म्हणायचं नसतं.

पिल्नाम